तीन ठोकळ्यांचा खोका: घ्या, पण आतला कागद आधी बाजूला ठेवा

एकमेकांना टेकलेले ठोकळे ढकलले तर ते एकमेकांना किती बलाने दाबतात, ते मोजायचा हा प्रयोगाचा खोका. किंमत १,८५० रुपये. नौपाड्यात, गोखले रोडला लागून एका गल्लीत शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांचं सामान विकणारं दुकान आहे, तिथून घेतला. दुकानाचं आणि खोका बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत त्या मी काउंटरवर उभा राहून सांगून आलोय, आता चारचौघांत त्यांचं नाव काढायची गरज नाही. शिवाय अशा खोक्यांमध्ये माल थोड्याफार फरकाने तोच असतो, त्यामुळे खालचं बरंचसं दुसऱ्या खोक्यालाही लागू पडेल.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला ३६ वर्षं फिटर होतो. आयटीआय झालंय, कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. फिजिक्स पुस्तकातून शिकलो नाही, पण कुठली वस्तू कशाने सरकते आणि कशाने अडकते हे हाताला ठाऊक आहे. आता वर्तकनगरला मुलाकडे असतो. नात अकरावी सायन्सला आहे, आणि हा खोका तिच्यामुळे घरात आला.

झालं असं, की क्लासच्या चाचणीत तिला प्रश्न होता. गुळगुळीत टेबलावर ३ किलो, २ किलो आणि १ किलोचे ठोकळे एकमेकांना चिकटून ठेवलेत. ३ किलोच्या बाजूने १२ न्यूटन बल लावलं, तर ठोकळे एकमेकांना किती बलाने दाबतील? हे तिने बरोबर सोडवलं. एकूण ६ किलो, १२ न्यूटन, म्हणजे त्वरण २. पहिल्या सांध्याच्या पुढे २ आणि १ असे ३ किलो आहेत, त्यांना ६ न्यूटन लागतील. दुसऱ्या सांध्याच्या पुढे एकटा १ किलो, त्याला २ न्यूटन. मग पोटप्रश्न: तेच १२ न्यूटन उलट्या बाजूने, १ किलोच्या मागून लावले तर? पोरीने पुन्हा ६ आणि २ लिहिलं. का, तर "आबा, ठोकळे तेच, बल तेच, त्वरण पण तेच. मग दाब कसा बदलेल?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर चूक आहे. उलट्या बाजूने ढकललं की १ किलोच्या पुढे ५ किलो उभे असतात, त्या सांध्यावर १० न्यूटन येतात. त्याच्या पुढच्या सांध्यावर, ३ किलोच्या मागे, ६. मी तिला एवढंच म्हणालो, की हातगाडीवर खोकी लावताना हलकं खोकं मागे आणि जड पुढे ठेवून ढकललं तर हलक्याचंच पोट फुटतं. तिला पटलं नाही. क्लासच्या सरांनी सूत्र दिलेलं: पुढचं वस्तुमान भागिले एकूण वस्तुमान, गुणिले बल. सूत्र पाठ होतं, पण 'पुढचं' म्हणजे कुणाच्या पुढचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. शंभर पोरांच्या बॅचमध्ये सांगणार तरी कसं?

म्हणून खोका.

आत काय मिळतं: अॅल्युमिनियमची सव्वा मीटरची पट्टी, तिला कडेला खाच. ३००, २०० आणि १०० ग्रॅमचे तीन लाकडी ठोकळे, एका अंगाला बारीक बेअरिंगची चाकं आणि दुसरं अंग नुसतं लाकूड, म्हणजे उलटं करून ठेवलं की घसटून चालतात. ही कल्पना ज्याची असेल त्याला शाबासकी. प्रत्येक ठोकळ्याच्या पोटात पोकळी आणि तीत लोखंडी वायसर, स्क्रू काढून वजन कमी-जास्त करता येतं. कप्पी एक, दोरा, ५० आणि १०० ग्रॅमची टांगायची वजनं. आणि ज्याच्यासाठी खरे पैसे द्यायचे ते दोन दाबकाटे. नेहमीचा स्प्रिंगकाटा ओढ मोजतो, हा दाब मोजतो. ठोकळ्याच्या पाठीवर स्क्रूने बसवायचा, मागच्या ठोकळ्याचं नाक त्याच्या दांड्याला टेकतं. मर्यादा दोन न्यूटन, रेघा ०.०५ च्या. याला दोन सुया आहेत. काळी सुई दाबाबरोबर पुढे-मागे हलते, लाल सुई जिथपर्यंत ढकलली गेली तिथेच थांबून राहते. म्हणजे ठोकळे पळत असताना वाचायची घाई नको, नंतर सावकाश लाल सुई बघा. वाचायला छान वाटतं. या लाल सुईनेच आम्हाला तीन दिवस नाचवलं, ते पुढे येईल.

कारागिरीबद्दल. चाकं उत्तम, बोटाने फिरवली तर बराच वेळ फिरत राहतात. कप्पीही बेअरिंगची आहे. पट्टी मात्र मधोमध खचलेली. मी सरळपट्टी लावून फिलर (फट मोजायची पातळ पाती) घातला तर मध्ये जवळजवळ अर्धा मिलिमीटर फट. खाली टेकवायला चार स्क्रू द्यायला हवे होते, ते नाहीत. मी जुन्या लग्नपत्रिकेचे तुकडे घालून पाणसळीने साधली. ठोकळे किचनच्या डिजिटल काट्यावर टाकले: २९९, २०१, १००. ठीक. पण दाबकाटा टाकला तर तो निघाला १८ ग्रॅम. खोक्यासोबत सूचनांचा छापील कागद येतो, त्या कागदात या १८ ग्रॅमचा उल्लेखच नाही! १०० ग्रॅमच्या ठोकळ्याच्या पाठीवर १८ ग्रॅमचं दप्तर लादून पुन्हा तो १०० चाच धरायचा, हा कुठला न्याय? मी वायसर काढून ठोकळा अधिक काटा मिळून बरोबर १०० आणि २०० केले. एक वायसर थोडा कानशीने घासावा लागला. ज्यांच्याकडे कानस नसेल त्यांनी हिशेबात १८ धरावेत, काही बिघडत नाही.

आता जुळणी. सर्वांत मागच्या ठोकळ्याच्या पाठीशी एक पातळ पत्र्याची पट्टी, तिच्या दोन टोकांना दोरे, ते ठोकळ्यांच्या दोन्ही अंगांनी पुढे येतात, एक होतात, कप्पीवरून टेबलाखाली उतरतात आणि तिथे वजन लटकतं. वजन खाली जातं, पट्टी ठोकळ्यांना मागून ढकलते. म्हणजे हाताने ढकलल्यासारखा कमी-जास्त जोर नाही. आमचं जेवणाचं टेबल ७५ सेंटिमीटर उंच, हूक वगैरे वजा जाता वजनाला ७० सेंटिमीटर उतरायला मिळतात.

कागद म्हणतो: १०० ग्रॅम टांगा, म्हणजे ठोकळ्यांवर ०.९८ न्यूटन बल लागेल. ३०० मागे, २०० मध्ये, १०० पुढे ठेवा. सर्वांत पुढच्या ठोकळ्याला बोट लावून सगळं थांबवून धरा, मग बोट काढा. गाड्या पोचल्यावर लाल सुया वाचा. पहिल्या सांध्यावर ०.४९ आणि दुसऱ्यावर ०.१६ मिळेल.

आम्हाला मिळालं ०.९५ आणि ०.९५. दोन्हीकडे.

नात उडालीच. "बघ आबा! सगळं बल सगळीकडे पोचतंय. ठोकळ्यातून आरपार जातंय." दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच, कधी ०.९५, कधी १. मी काटे खोलून साफ केले, दांड्याला ग्रीसचा थेंब दिला. फरक नाही. मला वाटलं काटेच खोटे. दुकानात फोन करणार होतो, तेवढ्यात आमची मंडळी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, बोट काढायच्या आधी सुई कुठे असते ते बघितलंत का?"

नव्हतं बघितलं. बघितलं तर सुई आधीच तिथे होती. बोट लावून धरलंय, काहीच हलत नाही, टांगलेलं वजन सगळ्याच्या सगळं दोऱ्यातून, पट्टीतून, तिन्ही ठोकळ्यांतून माझ्या बोटावर येऊन बसलंय. तेव्हा प्रत्येक सांध्यावर पूर्ण ०.९८ असणारच. बोट काढताच दाब कमी होतो, काळी सुई मागे येते, पण लाल बापडी वरच अडकलेली राहते. सांगायची ती गाडी थांबलेली असतानाची गोष्ट.

हिने २७ वर्षं ठाणे ते दादर लोकलने नोकरी केली. ती म्हणाली, "यात नवीन काय? गाडीत चढताना पुढे मोकळं असेल तर मागच्यांच्या रेट्याने बाई नुसती आत जाते, तिला लागत नाही. पुढे बाक आला, दांडा आला, की मग चेपतं." नातीने हे वहीत लिहून घेतलं, आणि माझ्या मते त्या प्रकरणातलं यापेक्षा शहाणं वाक्य दुसरं नाही. मागून किती जोर आहे एवढ्यावरून सांध्यावरचा दाब ठरत नाही. पुढे जे आहे ते हलतंय का, किती जड आहे, त्याचा वेग किती झपाट्याने वाढवायचाय, यावरून ठरतो. पुढे फक्त १०० ग्रॅम असेल आणि ते पळायला मोकळं असेल, तर त्याला हवं तेवढंच त्याच्या पाठीवर येणार. जास्त द्यायला गेलात तर ते आधीच पुढे निघून जातं, जोर लावायला पाठच उरत नाही.

मग आम्ही बोट मागे नेलं. मागच्या पट्टीला धरलं, म्हणजे ठोकळ्यांवर सुरुवातीला काहीच दाब नाही, सुया शून्यावर. सोडलं. लाल सुया: पहिल्या सांध्यावर ०.७५ च्या आसपास, दुसऱ्यावर पावच्या थोडं वर. पुन्हा चूक! यावेळी मात्र मला कळलं, कारण हे कारखान्यात रोजचं होतं. स्प्रिंगवर वजन अलगद ठेवलं तर ती जेवढी दबते, त्याच्या जवळजवळ दुप्पट ती वजन एकदम सोडल्यावर दबते, मग वर-खाली होत होत जागेवर येते. क्रेनने जॉब उतरवताना ऑपरेटरला आम्ही याचसाठी शिव्या घालायचो. लाल सुई त्या पहिल्या दणक्याची साक्ष देते, चालत्या दाबाची नाही. थोडक्यात, ही लाल सुई या प्रयोगासाठी निरुपयोगी आहे. बनवणाऱ्याने ती दाखवायला म्हणून घातली असेल.

उपाय नातीचा. मोबाईल पट्टीच्या वर पुस्तकांच्या चळतीवर आडवा ठेवला, स्लो मोशन लावलं आणि काळी सुई टिपली. पहिले काही क्षण ती थरथरते, मग स्थिर होते. ३०० मागे असताना पहिल्या सांध्यावर ०.४० ते ०.४२, दुसऱ्यावर ०.१५ च्या जरा अलीकडे. ठोकळे उलटे लावले, १०० मागे, २०० मध्ये, ३०० पुढे (वायसरही पुन्हा बदलले): पहिल्या सांध्यावर ०.७०, दुसऱ्यावर ०.४०. वेळ दोन्हीकडे तेवढाच, ७० सेंटिमीटरला एक सेकंद. नात गप्प बसली. ठोकळे तेच, पळणं तेच, आणि सांधा वेगळाच. पाचशे ग्रॅम पुढे न्यायचे असतील तर शंभरवाल्याच्या नाकावर ते येणारच.

पण मग कागदातले ०.४९ आणि ०.१६ कुठे गेले? इथे मला बनवणाऱ्याचा खरा राग आला. त्याने टांगलेल्या वजनाचं पूर्ण ०.९८ ठोकळ्यांवर लावून टाकलंय. अरे, ते १०० ग्रॅमसुद्धा खाली पळतंय ना? त्यालाही पळवायला काहीतरी खर्च होणार. नातीने वहीवर काढून दाखवलं: हलणारं एकूण ७०० ग्रॅम, खेचणारं ०.९८, त्वरण १.४. दोऱ्यातली ओढ ०.८४. त्याचा निम्मा ०.४२, सहावा हिस्सा ०.१४. आमच्या सुया बरोबर सांगत होत्या, छापील कागद चुकीचा होता. १.४ त्वरणाने एका सेकंदात अंतरही बरोब्बर ७० सेंटिमीटर निघतं, तेव्हा तर तिने टाळीच दिली. अकरावीच्या पुस्तकातलं गणित टेबलावरच्या घड्याळाशी जुळलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं असावं. (घड्याळ म्हणजे मोबाईलच, पण असो.)

या सगळ्यात ते एफबीडी (फ्री बॉडी डायग्रॅम) प्रकरण मला कळलं. ती प्रत्येक ठोकळा वेगळा काढून त्याच्यावर बाण काढते. मी म्हणालो, मधल्या ठोकळ्यावर पुढून मागे येणारा बाण कशाला, तो तर पुढे चाललाय. ती म्हणाली, "तू भिंतीला ढकललंस तर भिंत तुला ढकलते ना, तसंच." खरंच आहे. ३ किलोवाल्या प्रश्नात मागून १२ लागतात आणि पुढून ६ उलटे येतात, उरलेल्या ६ वर तो स्वतः पळतो. मी आयुष्यभर हे हाताने केलं, बाण कधी काढले नाहीत. बाण काढले असते तर दोन-तीन फिक्स्चर (काम करताना वस्तू धरून ठेवणारे साचे) मोडले नसते, हे मान्य करतो.

आता ठोकळे उलटे करा, लाकडावर घासत जाऊ द्या. हा भाग कागदात चार ओळींत उरकलाय आणि खोक्याचा सगळ्यात रसाळ भाग हाच. स्प्रिंगकाट्याने आधी नुसते ओढून पाहिले, तिन्ही मिळून साधारण दीड न्यूटन घर्षण. म्हणजे १०० ग्रॅम टांगून गाडी हलणारसुद्धा नाही. खोक्यात ५० ची दोन आणि १०० चं एक, मिळून २०० होतात, ती सगळी लावली. चालली, पण निवांत, म्हशीसारखी.

मी पैज लावली, की आता वाटणी बदलेल, कारण प्रत्येक ठोकळा आपापलं घर्षण खाणार. हरलो. दोऱ्यातल्या ओढीचा निम्माच पहिल्या सांध्यावर, सहावा हिस्साच दुसऱ्यावर, काडीचा फरक नाही. नातीने बसून हिशेब केला. तिन्ही ठोकळ्यांचं लाकूड एकच असेल, तर घर्षणही वजनाच्या प्रमाणात आणि पळवायला लागणारं बलही वजनाच्या प्रमाणात. जड ठोकळा दोन्हीकडे जास्त मागतो, हलका दोन्हीकडे कमी. मग वाटणी तीच राहते, त्वरण तेवढं कमी होतं. मला हे माहीत नव्हतं. सत्तरीला आलेल्या माणसाला जेवणाच्या टेबलावर असं काही कळलं की भूक वाढते. मग मी सूड म्हणून पुढच्या १०० च्या ठोकळ्याखाली पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवला. तेव्हा मात्र वाटणी बिघडली, पुढचा सांधा वाढला, कारण आता पुढच्याला त्याच्या वजनापेक्षा जास्त हिस्सा लागत होता. कागदात हे नाही. पॉलिश पेपरचा तुकडा तुम्ही आपला आणा, दहा रुपयांत मिळतो.

आणि एक गंमत, जिच्यावर क्लासचे सरही क्षणभर थांबले म्हणे. ठोकळे घासणाऱ्या अंगावर ठेवून दोन्ही टोकांनी हातांनी थोडे दाबा आणि हात अलगद काढून घ्या. कुणीही ढकलत नाही, वजन टांगलेलं नाही, आणि काळी सुई ०.२० वर उभी! काट्यातली स्प्रिंग दबलेली आहे, ती ठोकळ्यांना दूर ढकलायला बघते, आणि दोन्हीकडचं घर्षण त्यांना जागचं हलू देत नाही. पुन्हा दाबा, हात काढा, सुई ०.३० वर. पुन्हा, ०.१०. ठोकळे तेच, जागा तीच, बाहेरून बल शून्य, आणि उत्तर दरवेळी वेगळं. गाडी चालू असली की सांध्यावरचा दाब एकच आणि हिशेबाने काढता येतो. गाडी घर्षणाने अडकून उभी असली की मग तो आधी काय घडलं त्याच्यावर. नातीचा प्रश्न: "मग परीक्षेत आलं तर काय लिहायचं?" मी म्हणालो, परीक्षेत टेबल गुळगुळीतच असतं. टूलरूममध्ये नसतं. ठोकून बसवलेल्या चावीत, आवळलेल्या साच्यात असा कोंडलेला दाब वर्षानुवर्षं बसून असतो, आणि साचा उघडताना बोट आत असेल तर तो बाहेर कसा येतो ते मी एकदा पाहिलंय. बोट माझं नव्हतं.

ही पुन्हा लोकलवर आली. गाडी दोन स्टेशनांच्या मध्येच थांबून राहते, कुणी ढकलत नसतं, तरी चेपलेलं चेपलेलंच राहतं, कुणी तरी पाय हलवेपर्यंत. बरोबर आहे. तिला फिजिक्सचं मानधन द्यायला हवं.

एक मात्र या खोक्याने होत नाही: पुढून ओढणं आणि मागून ढकलणं एकदम. आमचं गाव सिन्नरकडे, लहानपणापासून कसाऱ्याला गाडी थांबायची आणि मागे इंजिन लागायचं. कसारा ते इगतपुरी घाटाचा चढ ३७ ला १, पुढच्या इंजिनावर सगळं सोडलं तर पहिल्या कपलिंगवर अख्ख्या गाडीची ओढ. मागचं इंजिन ढकलतं, म्हणजे मागचे डबे दाबाखाली आणि पुढचे ओढीखाली, आणि मध्ये कुठेतरी एक सांधा असा, की त्याला धड ओढही नाही आणि धड दाबही नाही. तो सांधा कितव्या डब्याला असेल, हे आम्ही वहीवर काढलं. खोक्यात हूकवाले ठोकळे आणि दुसरी कप्पी असती, तर टेबलावर काढलं असतं. मी ठोकळ्यांना हूक लावून बघणार आहे, पण ते माझं काम, खोक्याचं नव्हे.

आवाजाबद्दल सांगायला हवं. ७० सेंटिमीटरवरून उतरलेलं वजन फरशीवर टक्कन आपटतं. एकदा ठीक. आम्ही पहिल्या रात्री चाळीसेक वेळा केलं, साडेदहाला खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांना वाटलं मी सुपारी फोडतोय. उशी ठेवा. शेवटच्या टोकाला असलेला रबराचा अडथळा बोटभर आणि कडक आहे, ठोकळे त्याला आपटून दोनदा टेबलावरून खाली गेले, २०० च्या ठोकळ्याचा कोपरा फुटला. जुन्या टॉवेलची गुंडाळी लावली की भागतं. पाठीवरचा काटा मात्र पडला तर दांडा वाकतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी टॉवेल लावा.

कागद घेऊन मी दुकानात गेलो. मालक माझ्याच वयाचे. बोट पुढे धरायची चूक त्यांनी लगेच मान्य केली, काउंटरवरच खोका लावून बघितलं आणि हसले. टांगलेल्या वजनाच्या चुकीवर मात्र दहा मिनिटं वाद. "काका, १०० ग्रॅम म्हणजे ०.९८, हे तर शाळेत शिकवतात." मी म्हणालो, लटकत ठेवलं तर ०.९८, सोडून दिलं तर नाही. लिफ्ट खाली निघते तेव्हा पाय हलके होतात की नाही? शेवटी त्यांनी कागद ठेवून घेतला आणि बनवणाऱ्याकडे रबाळ्याला पाठवतो म्हणाले. पाठवला की नाही माहीत नाही. १८ ग्रॅमवर ते म्हणाले, एवढं कोण बघतं. मी काही बोललो नाही. एवढं बघण्याचाच पगार मी ३६ वर्षं घेतला.

तर पाचापैकी किती? काट्यांना आणि उलटसुलट ठोकळ्यांना साडेचार. पट्टीला तीन. कागदाला शून्य, आणि तेही चाळीस पैसे छपाई वाया गेली म्हणून. एकटं मूल हा खोका घेऊन बसलं आणि कागदावर विश्वास ठेवला, तर गोंधळ वाढेल. ते म्हणेल माझा प्रयोग चुकला. शेजारी कुणीतरी 'सुई आधी कुठे होती?' असं विचारणारं हवं. ते मिळत असेल तर १,८५० महाग नाहीत. क्लासच्या एका महिन्याच्या फीत असे दोन-तीन खोके येतात, पण ते राहू दे.

पुढच्या चाचणीत तसाच प्रश्न चार ठोकळ्यांचा आला. तिने चारही वेगळे काढून बाण काढले आणि उलटी बाजूही बरोबर लिहिली. सही करताना सरांनी शेजारी लिहिलंय: 'लघुरीत वापरा, वेळ वाचेल.'

सुटा दाबकाटा ३२० रुपयांना मिळतो. चार ठोकळे करायचे असतील तर एक जादा घेऊन ठेवा. दुकान दुपारी दीड ते साडेचार बंद असतं, मला दोन हेलपाटे पडले.